बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचं झुआझोउ: तारीख ठरवण्यापासून नूडल्सपर्यंत सगळं क्रमाने

चिनी घरात मूल वर्षाचं झालं की त्याच्यासमोर पुस्तक, अबॅकस, ब्रश, शिक्का, पैसे असं काय काय मांडतात आणि ते आपणहून काय उचलतं त्यावरून पुढे कोण होणार याचा अंदाज बांधतात, याला झुआझोउ म्हणतात. ज्यांच्या घरी सून किंवा जावई चिनी आहे ते, शांघाय-सिंगापूर-तैपेईकडे राहणारे, किंवा नुसतं शेजाऱ्यांचं आमंत्रण आलंय म्हणून जाणारे, अशा सगळ्या मराठी लोकांचे प्रश्न तेच असतात आणि चुकाही त्याच. व्हिडिओ बघून सामान आणायचं, संध्याकाळी केक कापून झाल्यावर पेंगुळलेल्या पोराला मधोमध बसवायचं, मग सगळ्यांनी एकदम ‘पुस्तक घे, पुस्तक घे’ म्हणून कालवा करायचा आणि पोराने भोकाड पसरलं की ‘अरे याला काय झालं’.

आपल्याकडेही काही घरांत उष्टावणाच्या दिवशी बाळापुढे वही, पेन, सोनं असं ठेवतात, जुन्या ग्रंथांत त्याला जीविका परीक्षा म्हटलंय. पण त्या अनुभवावर जाऊ नका. सहा महिन्यांचं मूल बसवलं तिथेच बसतं, वर्षाचं मूल रांगतं, उभं राहतं, अंथरलेलं कापड ओढतं आणि तुम्ही मांडलेलं सगळं सोडून कोपऱ्यातल्या चपलेकडे निघतं.

नियम तसा एकच आहे: मोठ्यांनी बाळाला काहीही सुचवायचं नाही. खालची सगळी तयारी त्याचसाठी, आयत्या वेळी सुचवायची गरजच पडू नये म्हणून.

१. तारीख आणि वेळ

आधी घरातल्या ज्येष्ठांना विचारा की वाढदिवस इंग्रजी तारखेने धरायचा की चांद्र तिथीने. शहरांत बरेच जण आता सरळ इंग्रजी तारीख धरतात, पण आजी-आजोबांच्या डोक्यात तिथी असू शकते आणि हे न विचारता हॉल बुक केला की पुढचे आठ दिवस फोनाफोनी. तिथी धरली तर तारीख दरवर्षी सरकते. म्हणजे बघा, मध्य-शरद सणाच्या (चिनी आठव्या महिन्याची पौर्णिमा) दिवशी २९ सप्टेंबर २०२३ ला जन्मलेल्या बाळाची तिथी पुढच्या वर्षी १७ सप्टेंबरलाच आली. पण १७ सप्टेंबर २०२४ ला, त्याच सणाला, जन्मलेल्या बाळाची तिथी एकदम ६ ऑक्टोबर २०२५ ला, कारण २०२५ मध्ये चिनी पंचांगात अधिक महिना होता. म्हणून मनाने ‘दहा-बारा दिवस आधी’ असं गणित करू नका, कॅलेंडर अॅपमध्ये तिथी टाकून बघा.

अजून एक गोंधळ वयाचा. जुन्या चिनी पद्धतीने मूल जन्मतःच एक वर्षाचं धरतात आणि नवीन वर्ष लागलं की अजून एक, त्यामुळे आजी ‘दोन वर्षांचा आहे’ म्हणाली तर झुआझोउ हुकलं असं समजू नका. ते पूर्ण बारा महिने भरल्यावरच करतात.

वेळ दुपारच्या जेवणाआधीची. जुन्या पद्धतीत दीर्घायुष्याच्या नूडल्स खायच्या आधी हे करतात आणि ते बाळाच्या दृष्टीनेही बरोबर आहे. सकाळची झोप झाल्यावर, थोडंसं खाऊन अर्धा-पाऊण तास गेल्यावर, साधारण साडेदहा-अकराला बहुतेक मुलं खुशीत असतात. तुमच्या बाळाची झोपेची वेळ वेगळी असेल तर तीच धरा आणि पाहुण्यांना त्याप्रमाणे बोलवा, उलटं करू नका.

सावधान: महिनाभराचा समारंभ, शंभर दिवसांचा समारंभ आणि तैवानमध्ये चार महिन्यांच्या बाळाच्या गळ्यात बिस्किटांची माळ घालतात तो, हे तिन्ही वेगळे कार्यक्रम आहेत. त्यांचे फोटो बघून झुआझोउच्या दिवशी बिस्किटांची माळ आणू नका. तसंच कोरियन लोकांचं दोल्जाबी. दिसायला सारखं आहे, पण हानबोक (कोरियन पारंपरिक पोशाख) आणि दोऱ्याची गुंडी तिकडची, चिनी सासूबाईंसमोर ते मांडलंत तर त्या बोलणार काही नाहीत पण लक्षात ठेवतील.

२. काय काय मांडायचं

आकडा सगळीकडे एकच नाही. तैवानमध्ये बारा वस्तूंची पद्धत आहे, बाकी ठिकाणी घराघरावर आहे. माझं मत विचाराल तर आठ ते बारा पुरे. वीस वस्तू मांडल्या की बाळाला सगळं एकच रंगीत ढिगार दिसतं आणि ते मांडी घालून बघत बसतं.

नेहमीच्या वस्तू आणि त्यांचे अर्थ:

- पुस्तक, लिहायचा ब्रश: शिक्षण, लेखन. चिनी लेखक च्येन झोंगशू यांचं नावच या दिवशी त्यांनी पुस्तक उचललं म्हणून तसं ठेवलं होतं, झोंगशू म्हणजे पुस्तकाची ओढ असलेला.
- अबॅकस: व्यापार, हिशेब
- शिक्का: सरकारी हुद्दा, अधिकार
- मोजपट्टी: शिल्पकाम, बांधकाम, डिझाइन, हल्ली वकिलीही म्हणतात
- नोटा: श्रीमंती
- कांद्याची पात: हुशारी
- लसणाचा गड्डा: हिशेबात पक्का
- सेलरी: कष्टाळूपणा
- कोंबडीची तंगडी: खाण्यापिण्याची ददात नाही

पात, लसूण आणि सेलरी बघून आपले लोक हसतात की ही काय मंडई मांडलीये. पण चिनी भाषेत त्यांचे उच्चार ‘हुशार’, ‘मोजणे’ आणि ‘कष्टाळू’ या शब्दांशी जुळतात म्हणून त्या ठेवतात. आजीसाठी या तीन वस्तू बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाच्या असू शकतात, तेव्हा ‘भाजी कशाला’ म्हणून परस्पर कमी करू नका.

नवीन वस्तू घालायला कुणाची हरकत नसते: स्टेथोस्कोप, माइक, बॉल, कॅमेरा, खेळण्यातलं विमान. पूर्वी मुलाला धनुष्यबाण आणि मुलीला कात्री, सुईदोरा असं वेगळं मांडायचे. आता सगळं एकत्र मांडा, त्यात वाद घालण्यासारखं काही राहिलेलं नाही. शाकाहारी घर असेल तर तंगडी लाकडी किंवा कापडी मिळते. किंवा सरळ गाळा, पण मग खाण्याचं प्रतीक म्हणून एखादं फळ ठेवा.

सावधान: एकाच करिअरच्या चार वस्तू मांडू नका. मुलाला डॉक्टरच करायचंय म्हणून स्टेथोस्कोप, थर्मामीटर, इंजेक्शन आणि औषधांची बाटली मांडणारे आईबाप असतात, आणि ते सगळ्यांच्या लक्षात येतं.

३. सामान धुणे, तपासणे, बाद करणे

ही पायरी सगळे गाळतात, खरं तर सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला पाहिजे. वर्षाच्या मुलाचं ‘उचलणं’ म्हणजे दोन सेकंदांत तोंडात. त्यामुळे मांडलेली प्रत्येक वस्तू चाटली जाणार, चावली जाणार असं धरूनच चाला.

मापाचं सोपं टेस्टिंग: टॉयलेट रोलची रिकामी पुठ्ठ्याची नळी घ्या. जी वस्तू किंवा तिचा सुटणारा भाग त्या नळीतून आत जातो ती बाद. नाणी बाद, छोटा दगडी शिक्का बाद, सुटी लसणाची पाकळी बाद. लसूण अख्खा गड्डाच ठेवायचा आणि वरचं सुटलेलं साल काढून टाकायचं, कारण ते टाळ्याला चिकटतं. नोटा कडक नव्या घेतल्या तर कडा कापतात आणि जुन्या घेतल्या तर किती हातांतून आलेल्या असतात देव जाणे, म्हणून सरळ लाल पाकिटात घालून पाकीट ठेवा.

बटन सेल असलेलं काहीही नको. खेळण्यातला माइक, गाणारा फोन, छोटा कॅल्क्युलेटर, लुकलुकणारा स्टेथोस्कोप, सगळ्यांची मागची झाकणं उघडून बघा. बटन सेल गिळला तर काही तासांत अन्ननलिका जळते, यात ‘एवढंसं काय होतं’ नाही. झाकणाला स्क्रू असला तरी सेल काढूनच मांडा, वस्तू बंद असली म्हणून अर्थ बदलत नाही.

अबॅकस घरातला जुना असेल तर एकेक मणी ओढून बघा. जुन्या अबॅकसच्या काड्या सैल होतात आणि मणी नेमके नळीतून जाणाऱ्या मापाचे असतात. ब्रश नवा, कोरडा, शाई न लागलेला, आणि त्याचं टोक घशात जाऊ शकतं म्हणून आखूड जाड दांड्याचा. खरी कात्री, सुई, चाकू नाहीच, आणि दोरा किंवा रिबिन ठेवायचीच असेल तर गळ्यात अडकेल एवढी लांब नको. पात आणि सेलरीची मुळं कापून, माती धुऊन, पुसून ठेवा. खरी तंगडी ठेवली तर बाकी कशाकडे बघायलाच नको, वासानेच निकाल लागतो, शिवाय हाड आहे.

ऑनलाइन तयार लाकडी सेट मिळतात, ते दिसायला गोड असतात पण त्यात हमखास एखाद-दोन तुकडे बारीक असतात आणि रंग कसला हे लिहिलेलं नसतं. घेतलात तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा, रंग फडक्याला आला तर तो बाळाच्या पोटातही जाणार.

चेक: आदल्या रात्री सगळं सामान एका ट्रेमध्ये, नळी शेजारी, आणि घरातल्या दुसऱ्या कुणीतरी तपासायचं. ज्याने सामान आणलं त्याला चुका दिसत नाहीत.

४. जागा आणि मांडणी

पूर्वी मोठ्या टेबलावर मांडून बाळाला वर बसवायचे. आता जमिनीवरच करा, टेबलावरून पडण्याची भीती नको. खाली फोमची मॅट, वर लाल कापड. सॅटिनचं कापड फोटोत छान दिसतं पण रांगताना गुडघे घसरतात आणि एका हिसक्यात सगळी मांडणी अंगावर येते. जाड सुती घ्या आणि चारही कडा मॅटखाली दुमडून टेपने चिकटवा. तैवानी घरात बांबूच्या मोठ्या सुपासारख्या चाळणीत वस्तू ठेवतात, तिची एखादी काडी निघालेली नाही ना हे हात फिरवून बघा.

मांडायच्या अर्धवर्तुळात. मधे बाळ, त्याच्यापासून सगळ्या वस्तू सारख्या अंतरावर. रांगणाऱ्या मुलाला साधारण एक मीटर ठीक आहे, चालणाऱ्याला थोडं जास्त, अजून नुसतं बसणाऱ्याला हात लांबवल्यावर पोचेल एवढंच. दोन वस्तूंमध्ये वीतभर जागा सोडा. आता इथे खरी मेख आहे: वस्तूंचं आकर्षण सारखं नसतं. लाल बॉल आणि करडी मोजपट्टी शेजारी ठेवली तर मोजपट्टीला कोण विचारतंय! म्हणून चकचकीत वस्तू एकाच बाजूला गोळा होऊ देऊ नका, फिकी-भडक-फिकी अशी आलटूनपालटून ठेवा, फिक्या वस्तूला लाल कागदाची पट्टी गुंडाळली तरी चालतं. आडव्या पडलेल्या पुस्तकापेक्षा उभं उघडून ठेवलेलं पुस्तक जास्त दिसतं. बाळाचं रोजचं लाडकं खेळणं मांडणीत नको.

चेक: मांडून झाल्यावर तुम्ही स्वतः जमिनीवर पालथं पडून बाळाच्या उंचीवरून एकदा बघा. उभं राहून नीट दिसणारी अर्धी मांडणी खालून अबॅकसमागे लपलेली असते.

खोलीतले मोबाइल, टीव्हीचा रिमोट, चाव्या, चष्मे नजरेआड करा. मूल बारा वस्तू ओलांडून मामाच्या मोबाइलवर झेपावतं हा प्रकार इतका कॉमन आहे की त्याला भविष्य म्हणण्यात काही मजा राहिलेली नाही.

५. बाळाची तयारी

नवीन लाल कपडे, वाघाच्या तोंडाची टोपी, वाघाचे बूट. बऱ्याच ठिकाणी हे आजोळकडून येतं, म्हणजे आईची आई, जिला दक्षिणेत वायपो आणि उत्तरेत लाओलाओ म्हणतात, ती आणते. म्हणून तुम्ही आधीच विकत घेऊन टाकू नका, विचारा. टोपी-बूट घालून फोटो आधी काढून घ्या आणि मग दोन्ही काढा. टोपी डोळ्यांवर येते, बुटांत मूल धडपडतं. अनवाणी पाय आणि आखूड बाह्या सगळ्यात बऱ्या. नवीन डायपर लावा, हात धुवा.

मिश्र घरांत औक्षणही करायचं असतं, जरूर करा, पण झुआझोउच्या आधी आणि दुसऱ्या खोलीत. निरांजन एकदा दिसलं की बाळ त्याच्याकडेच बघत राहतं, आणि चकचकीत तबक मांडणीशेजारी राहिलं तर तेच उचलणार. तैवानी पद्धतीने कासवाच्या आकाराच्या, तांदळाच्या लाल केकवर पाय टेकवायचे असतील तर तेही आधी उरका आणि पाय पुसून घ्या.

सावधान: आदल्या दिवशी त्याच वस्तूंची रंगीत तालीम नको. एकदा हाताळलेली वस्तू दुसऱ्या दिवशी एकतर शिळी होते किंवा तीच हवी असते, दोन्हीकडून गंमत गेली. मॅटवर बसायची सवय करायची असेल तर रोजच्या खेळण्यांनी करा.

६. प्रत्यक्ष उचलणं

सुरू करायच्या आधी दोन गोष्टी मोठ्याने ठरवून घ्या. पहिली, किती वस्तू मोजायच्या. पहिली काय आणि दुसरी काय हे बघायची जुनी रीत आहे, काही घरांत तिसरीही धरतात. दुसरी, ‘उचललं’ कधी म्हणायचं. माझ्या मते कापडावरून वर उचलून हातात धरलं तर उचललं, नुसता हात लागला तर नाही. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला पंच करा, म्हणजे पुढचा वाद मिटला.

मग क्रम असा:

१) पाहुणे मांडणीच्या दोन्ही बाजूंना, जमिनीवर बसून. समोर कुणीच नाही, कारण समोर ओळखीचा चेहरा दिसला की बाळ वस्तू तुडवत तिकडे जातं.
२) कॅमेरा एकाच माणसाकडे, तिरक्या कोनात, फ्लॅश बंद. बाकीच्यांना नंतर व्हिडिओ मिळेल हे आधीच सांगून टाका.
३) आई किंवा बाबा बाळाला आणून मधे बसवतात, तोंड मांडणीकडे, आणि हात काढून मागे बसतात. बाळाला मागे वळून आई दिसली पाहिजे, पण आईने बोट दाखवायचं नाही, नाव घ्यायचं नाही, आणि डोळ्यांनीही नाही.
४) शांत. खरंच शांत. टाळ्या वस्तू उचलल्यावर.
५) पहिली उचलली की पंचांनी नाव पुकारायचं. वस्तू हिसकावून घेऊ नका, दुसरी उचलताना बाळ पहिली आपोआप सोडतं. दोन्ही हातांत दोन आल्या तर दोन्ही धरा.

सगळं मिळून पाच ते दहा मिनिटं. बाळ नुसतं बसून राहिलं तर दोन-तीन मिनिटं जाऊ द्या, मग अर्धवर्तुळ थोडं जवळ सरकवा, पण सगळं एकदम, एकच वस्तू पुढे ढकलणं म्हणजे सुचवणंच झालं. रडायला लागलं तर उचलून घ्या, पाणी पाजा, फिरवून आणा आणि अर्ध्या तासाने एकदा बघा. तेव्हाही नाही म्हणालं तर आईच्या मांडीवर बसवून ट्रे समोर धरा आणि जे हाताला लागेल ते मान्य करा.

सगळ्यात मोठी चूक इथे होते: मनासारखं आलं नाही म्हणून ‘हे ट्रायल होतं, आता खरं’ असं म्हणून परत बसवणं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. मग शेवटी नोटांचं पाकीट आलं की सगळे खूश, आणि मूल रडवेलं. पहिल्या वेळचं तेच खरं, नाहीतर करूच नका.

७. अर्थ सांगणं

वस्तू कुठलीही असो, बोलायचं चांगलंच. ही या प्रथेची रीतच आहे, आयत्या वेळची सारवासारव नव्हे. खाऊ किंवा खेळणं उचललं तर ‘खादाड होणार, खेळण्यातच जाणार’ असं कुणी म्हणत नाही, ‘याच्या नशिबी उत्तम खाणं आहे, आयुष्य मजेत घालवणार’ असं म्हणतात. मोजपट्टी आली तर हात सुबक, काम नेमकं. बॉल आला तर तब्येत दणकट. आजी-आजोबांना आधी सांगून ठेवा की प्रत्येक वस्तूसाठी एकेक वाक्य तयार असू द्या, ते त्यांच्या भाषेत, त्यांच्याच तोंडून आलं पाहिजे. आपण ‘गोंगशी, गोंगशी’ म्हणजे अभिनंदन, एवढं म्हटलं तरी पुरे.

बापाने तोंड पाडून बसायचं नाही. विनोदाने म्हटलेलं ‘अरेरे, गेले पैसे पाण्यात’ सुद्धा नको.

८. पाकिटं आणि भेटी

इथे मराठी पाहुणे हमखास फसतात. आपण शुभ म्हणून वर एक रुपया ठेवतो, १०१, ५०१. चिनी रिवाजात शुभकार्याची रक्कम सम असते, विषम रक्कम अंत्यविधीच्या पाकिटात जाते. तेव्हा वरचा एक काढून टाका. सम असली तरी ४ चा आकडा नको, त्याचा उच्चार मृत्यूच्या शब्दाजवळ जातो. ६ आणि ८ चालतात. आणि चीनमध्ये २५० कधीच देऊ नका, त्या आकड्याचा अर्थ मूर्ख असा होतो.

पाकीट लाल, नोटा नव्या, दोन्ही हातांनी द्यायचं आणि दोन्ही हातांनी घ्यायचं. देणाऱ्यासमोर उघडायचं नाही. भेट म्हणून घड्याळ, छत्री, सुरी नको, आणि पांढऱ्या कागदात गुंडाळलेलं काहीही नको.

९. नूडल्स

उचलणं झालं की जेवण. लांब नूडल्स म्हणजे दीर्घायुष्य, म्हणून शिजवताना आणि खाताना तोडत नाहीत. पण वर्षाच्या मुलाला लांब नूडल देणं म्हणजे ठसका. यावर घराघरात वाद होतो, त्याचा सोपा मार्ग असा: मोठ्यांच्या वाडग्यात अखंड नूडल्स, त्या बाळाच्या नावाने मोठे खातात, आणि बाळासाठी वेगळ्या, मऊ शिजवून, स्वयंपाकघरातच बारीक कापून आणलेल्या. टेबलावर आजीसमोर कात्री काढू नका. सोया सॉस आणि मीठ बाळाच्या वाटीत नाही. गहू, अंडं, शेंगदाणा, तीळ यांतलं जे बाळाने आधी कधी खाल्लेलं नाही ते त्या दिवशी पहिल्यांदा देऊ नका, पाहुण्यांच्या गर्दीत अंगावर आलेलं पुरळ उशिरा दिसतं. लाल रंगवलेली अंडी मुख्यतः महिनाभराच्या समारंभाची, पण काही घरांत आजही वाटतात. बाळाला द्यायचं तर सोलून, कुस्करून.

केक संध्याकाळी कापा, झोप झाल्यावर. उचललेली वस्तू मात्र जेवायला बसायच्या आधी वेगळी काढून तारीख लिहून ठेवा, नाहीतर आवराआवरीत ती परत ट्रेमध्ये जाते आणि पुढच्या वर्षी अबॅकस होता की मोजपट्टी यावर आजी आणि वायपोचं एकमत होत नाही. पात किंवा सेलरी उचलली असेल तर फोटो काढून ती सरळ सूपमध्ये टाका.